पुठ्ठ्याला विचारा, मग पिस्तूल घ्या

पॅरिस ऑलिंपिकमधून २०२४ साली मनू भाकरने पिस्तुलाची दोन ब्राँझ पदकं आणली, त्यातलं एक सरबज्योत सिंगबरोबरचं. कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये आणखी एक मिळवलं. नवी मुंबईतल्या मुलांना हा खेळ शिकायला फार लांब जावं लागत नाही. पनवेलच्या कर्नाळा क्रीडा अकादमीत ऑलिंपियन सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. तुर्भ्याहून ट्रान्स-हार्बरची पनवेल लोकल पकडली की झालं. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची जुनी रेंज आहे.

मूल वर्षभर क्लबच्या पिस्तुलावर सराव करतं, एखाद-दुसऱ्या स्पर्धेत उतरतं आणि घरात विषय निघतो: स्वतःचं पिस्तूल घ्यायचं का? स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवर्कबाऊ, पार्दिनी ही नावं मुलांच्या तोंडी असतात. यातलं चांगलं मॅच एअर पिस्तूल घ्यायचं तर दीड ते अडीच लाखांच्या घरात जातं. तुर्भ्यात एपीएमसीत किंवा एमआयडीसीत राबणाऱ्या घराला ही रक्कम सहज बाजूला काढता येत नाही. म्हणून निर्णय जाहिरात पाहून किंवा शेजारच्या लेनमधल्या मुलाकडे पाहून घेऊ नये. तो मोजून घेता येतो.

पाव मिलिमीटरचा खेळ

दहा मीटर एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं. नऊचं २७.५, आठचं ४३.५. म्हणजे केंद्रापासून प्रत्येक आठ मिलिमीटरला एक गुण जातो. छर्रा ४.५ मिलिमीटरचा. एका हाताने, कशाचाही आधार न घेता, ७५ मिनिटांत असे ६० छर्रे मारायचे.

आता पिस्तुलाकडे पाहा. पुढची माशी आणि मागची खाच यांच्यातलं अंतर साधारण ३४ सेंटिमीटर धरू. माशी खाचेच्या मध्यापासून फक्त पाव मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर छर्रा सात-आठ मिलिमीटर बाजूला जातो आणि एक गुण गेला. व्हर्निअर हातात धरून काम करणाऱ्या फिटरला पाव मिलिमीटर म्हणजे किती, हे समजावून सांगावं लागणार नाही. याउलट माशी आणि खाच बरोबर जुळलेल्या असताना अख्खा हात आठ मिलिमीटर हलला, तर छर्राही तेवढाच हलतो. हात थोडा हलणारच, तो सगळ्यांचा हलतो. खरं नुकसान होतं ते ट्रिगर ओढताना मनगट किंचित वळतं आणि माशी खाचेतून सरकते तेव्हा. हे एकदा ध्यानात आलं की पिस्तुलात काय पाहायचं तेही कळतं.

पैसे कशाचे मोजायचे?

नळीच्या अचूकतेसाठी फार विचार करायची गरज नाही. नावाजलेल्या कंपन्या प्रत्येक पिस्तुलाबरोबर चाचणीचा पुठ्ठा देतात. पिस्तूल शिकंज्यात आवळून मारलेल्या छर्‍यांचं त्यावर एकच भोक असतं, छर्‍याहून जरासंच मोठं. दहाच्या वर्तुळात ते आरामात मावतं. या बाबतीत सगळी मॅच पिस्तुलं जवळपास सारखीच.

फरक पडतो ट्रिगर आणि ग्रिपमध्ये. नियमाप्रमाणे एअर पिस्तुलाचा ट्रिगर ५०० ग्रॅमपेक्षा हलका चालत नाही. स्पर्धेआधी नळी उभी धरून ट्रिगरला अर्ध्या किलोचं वजन अडकवतात आणि ते उचलून पाहतात. ट्रिगर सुटला तर पिस्तूल नापास. पण अर्धा किलो आणि अर्धा किलो यांतही फरक असतो. चांगला ट्रिगर आधी थोडा सैल सरकतो, मग एका जागी स्पष्ट अडतो आणि तिथून फुटलेला कळतही नाही. वाईट ट्रिगर त्या शेवटच्या टप्प्यात खरखरतो, घसटतो. बोट जोर लावतं, मनगट साथ देतं आणि माशी पाव मिलिमीटर सरकते.

ग्रिपचं महत्त्व याहून जास्त. अक्रोडाच्या लाकडाच्या ग्रिप वेगवेगळ्या मापांत येतात आणि तळहाताखालची पट्टी वर-खाली करता येते. परीक्षा सोपी आहे. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून रेंजवर टार्गेटकडे तोंड करून उभं राहायचं, पिस्तूल धरायचं, डोळे मिटायचे, हात उचलून नेमावर आणायचा आणि डोळे उघडायचे. माशी खाचेच्या मध्यावर दिसली तर ग्रिप हाताची आहे. दर वेळी डावीकडे किंवा खाली दिसली, तर नेमबाज प्रत्येक शॉटला मनगट वळवून ती मध्यावर आणतोय आणि साठाव्या शॉटपर्यंत ते मनगट थकणार. अशा वेळी कोचच्या देखरेखीखाली कानस आणि लाकडाची पुट्टी वापरून ग्रिप हाताला बसवता येते. त्याचा खर्च नव्या पिस्तुलापुढे काहीच नाही.

वजनाचंही तसंच. नियमाने एअर पिस्तूल दीड किलोपर्यंत चालतं, प्रत्यक्षात बहुतेक मॅच पिस्तुलं किलोभराच्या आसपास असतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने तेवढं वजन हात लांब करून रोज शंभर वेळा उचलायचं, तर खांदा आणि कोपर त्याची किंमत मोजतात. वाढत्या वयात हाताचं मापही बदलतं, त्यामुळे या वयात घाई केली तर दोन वर्षांत ग्रिप पुन्हा घ्यावी लागते.

हाताची चूक किती, पिस्तुलाची किती?

हे वेगळं काढण्यासाठी क्लबच्या पिस्तुलाने एकदा टेकून मारा. कोच किंवा अनुभवी नेमबाजाने टेबलावर आधार देऊन, एकाच डब्यातले दहा छर्रे कोऱ्या पुठ्ठ्यावर मारावेत. मग मुलाने नेहमीसारखं उभं राहून दुसऱ्या पुठ्ठ्यावर दहा मारावेत. दोन्ही पुठ्ठे शेजारी ठेवा.

समजा, टेकून मारल्यावर विखुरणं ६ मिलिमीटर आलं आणि मुलाच्या हाताचं विखुरणं २० मिलिमीटर आहे. या दोन चुकांची सरळ बेरीज होत नाही. दोन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढावं लागतं: २०.९. आता ३ मिलिमीटर विखुरणारं नवं पिस्तूल आणलं तर उत्तर येतं २०.२. दोन लाख खर्चून एक मिलिमीटरही कमी झाला नाही. हाच हिशेब ८ मिलिमीटरच्या हाताला लावा. जुन्या पिस्तुलाने १०, नव्याने ८.५. इथे दीड मिलिमीटर वाचतो, आणि अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर गुण अशाच दीड मिलिमीटरने जातात. हात जितका पक्का, तितकं चांगलं पिस्तूल कामी येतं. नवशिक्याच्या हातात तेच पिस्तूल फारसं काही करत नाही.

जुन्या पिस्तुलाचं टेकून मारलेलं विखुरणं वाढलेलं दिसलं, तरी आधी छर्रे बदलून पाहा. मॅचचे सपाट तोंडाचे छर्रे ४.४९, ४.५० आणि ४.५१ अशा मापांत मिळतात आणि प्रत्येक नळीला त्यांपैकी एखादंच नीट जमतं.

यानंतर आवडलेलं पिस्तूल कुणाकडून तरी काही दिवस मागून घ्या आणि प्रत्येक सीरिजचे गुण वहीत लिहा. नव्याचे नऊ दिवस इथेही असतात. नवं पिस्तूल हातात आलं की मूल जास्त लक्ष देऊन मारतं आणि गुण चढतात. खरा आकडा कळतो तो हुरूप ओसरल्यावर, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात.

वापरलेलं घेताना

अनेक नेमबाज वरच्या मॉडेलवर जाताना आधीचं पिस्तूल विकतात आणि मध्यमवर्गीय घराला हा चांगला रस्ता आहे. पहिल्यांदा हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. या सिलिंडरमध्ये २०० बारच्या दाबाने हवा भरतात आणि कंपन्या त्याची मुदत साधारण दहा वर्षं देतात. मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि ते सुरक्षितही नसतं, म्हणून नव्या सिलिंडरचे पैसे किमतीत धरा. संध्याकाळी सिलिंडर लावून गेजचा आकडा लिहा, सकाळी पुन्हा पाहा. उतरला असेल तर सील गळतंय. ट्रिगरला वजन अडकवून पाहा. ग्रिप उजव्या हाताची की डाव्या, आणि कुठल्या मापाची, ते विचारा. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत नळीचं तोंड आणि स्क्रू गंजतात, तेही तपासा. हातपंपाने हवा भरताना ओलावा आत जातो, म्हणून पावसाळ्यात कोरडी हवा कुठून भरून मिळेल याची सोय आधीच लावा.

कागदपत्रांचं थोडक्यात. ४.५ मिलिमीटरच्या आणि २० जूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही. मॅच पिस्तुलाची ताकद त्याहून बरीच कमी असते. तरीही बिल आणि क्रमांक जपा. लोकलमध्ये पिस्तूल न्यायचं ते रिकामं करून, बंद पेटीतूनच. राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं त्या २५ मीटर प्रकारातल्या .२२ पिस्तुलाला मात्र परवाना लागतो. तो रस्ता पुढचा आहे.

दुरुस्ती कोण करणार?

२५ जुलै २०२१, टोकियो. मनू भाकरच्या पिस्तुलात पात्रता फेरी चालू असतानाच बिघाड झाला आणि दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली. तिने ५७५ गुण मिळवले, बारावी आली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. जगातल्या उत्तम पिस्तुलांपैकी एक हातात असून हे घडलं. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर अत्यंत स्वच्छ फुटतो, पण त्याला बॅटरी लागते, सर्किट लागतं. यांत्रिक ट्रिगर रेंजवरच्या जाणत्या माणसाला बहुतेक वेळा तिथेच खोलून पाहता येतो. म्हणून दुकानदाराला किमतीआधी हे विचारा: सील, स्प्रिंग, सर्किट तुमच्याकडे मिळतं का, आणि दुरुस्तीला किती दिवस लागतात? त्याचं उत्तर गुळमुळीत असेल, तर मॉडेल कितीही गाजलेलं असलं तरी ते नको.

मग घ्यायचं कधी?

माझं मत स्पष्ट आहे. क्लबच्या पिस्तुलासाठी रांग लागते म्हणून सराव बुडत असेल, तर वापरलेलं, हाताला बसणारं पिस्तूल लगेच घ्यावं. या खेळात सरावाला पर्याय नाही. ग्रिप कोणत्याही उपायाने बसत नसेल किंवा ट्रिगर दुरुस्त होण्यापलीकडे गेला असेल, तरी घ्यावं. हात पक्का झालाय आणि टेकून मारलेला पुठ्ठा पिस्तुलाची चूक दाखवतोय, तेव्हा नवं घेण्यात एक रुपयाही वाया जात नाही. या तिन्हींपैकी काहीच लागू नसेल, तर ते पैसे छर्‍यांना, रेंजच्या फीला आणि कोचला द्या. दिवसाला ८० शॉट, आठवड्याला पाच दिवस म्हटलं तर पाचशे छर्‍यांचे चाळीसेक डबे वर्षाला लागतात. पिस्तुलावर सगळी पुंजी ओतून छर्रे मोजून वापरायची वेळ आलेल्या मुलाचे गुण वाढत नाहीत.

आणि हा हिशेब मुलाला बरोबर घेऊन करा. पुठ्ठे त्यालाच मोजू द्या, वही त्यालाच लिहू द्या. आपली चूक किती आणि हत्याराची किती, हे ज्या नेमबाजाला स्वतःला सांगता येतं, त्याच्या हातात दिलेलं पिस्तूल, जुनं असो वा नवं, पैसे वसूल करतं.