पाडव्याची अकल्पित सहल

बेत आखून केलेल्या सहलीपेक्षा न आखलेली सहल अधिक स्मरणात राहते. गेल्या बलिप्रतिपदेस देवरीस गोठ्यातील गाईची पूजा आटोपते न आटोपते तोच मातोश्री म्हणाल्या, "एकदा नवेगावचा बांध दाखवा रे!" गुडघ्यांमुळे दोन वर्षे त्यांनी उंबरठा ओलांडला नव्हता. दशम्या बांधून आम्ही सारे निघालो.

तो विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधविला, अशी या प्रांतीची परंपरा आहे. मातोश्री काठावर कितीतरी वेळ निःशब्द बसल्या. परतताना गोवारी मंडळी वाद्यांच्या गजरात गायगोधनाचा सण साजरा करीत होती.

रात्री मुलांनी सुतळी बाँब काढले. मातोश्री म्हणाल्या, "सकाळी जिला ओवाळले, तिला रात्री दचकवावयाचे काय?" मुले वरमली. बाँब राहिले; भुईनळे मात्र लागले. लोखंडाच्या किसाने त्यांतून सोनेरी ठिणग्या उसळतात. शेवटचा भुईनळा मातोश्रींनी स्वहस्ते पेटविला.

वडीलधाऱ्यांनी "चला" म्हटले असता "उद्या पाहू" म्हणू नये, एवढे आम्ही त्या उजेडात शिकलो.