‘शोले’ पहिल्यांदा अख्खा बघताय? दुकानदाराच्या नजरेनं बघा



‘शोले’ कोणी पाहिला, असं जठारपेठेतल्या बॅचमध्ये विचारलं की सगळे हात वर येतात. अख्खा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत? अर्धे हात खाली! विशीतल्या पोरांनी तो रील्समध्येच पाहिलेला असतो. तर या रविवारी सव्वातीन तास काढा, आणि सोबत वही-पेन ठेवा. व्हिडिओत वेळेअभावी राहिलेलं इथे सविस्तर सांगतो.

१. माल बाहेरचा, चव इथली

घोडे, बंदुका, उजाड माळ, पोलीस पोचत नाहीत असं गाव आणि त्याला वाचवायला आलेली बाहेरची माणसं. हा अमेरिकन ‘वेस्टर्न’चा ठरलेला मसाला. जपानच्या अकिरा कुरोसावांनी १९५४ मध्ये ‘सेव्हन सामुराई’ काढला. त्यात डाकूंना कंटाळलेले शेतकरी लढवय्ये आणतात. हॉलिवूडनं १९६० मध्ये त्यावरून ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ केला. रमेश सिप्पी आणि सलीम-जावेद यांनी तोच धागा रामगढला आणला. पण सोबत टांगा, होळी, मावशीकडे घातलेली मागणी आणि जय-वीरूची यारी घातली. म्हणून तो आपल्याला आपलाच वाटतो.

तुम्हीही पुण्याच्या कॅफेची कल्पना अकोल्यात आणू शकता. आधी एवढंच पाहा, इथलं गिऱ्हाईक किती वेळ बसतं, किती खर्च करतं आणि एकटं येतं की घरच्यांना घेऊन.

एक सावधानता. कल्पनेवरून शिकणं वेगळं, अन् सरळ उचलणं वेगळं. इटलीच्या सर्जिओ लिओनींचा १९६४ चा ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ कुरोसावांच्या ‘योजिंबो’वरून परवानगी न घेता बेतला होता. प्रकरण तडजोडीनं मिटलं, पण कमाईतला वाटा जपानला द्यावा लागला. दुसऱ्याचं नाव, लोगो, पॅकिंग वापराल तर तुमचंही तेच होईल.

२. थंड गेलेला पहिला आठवडा

‘शोले’चा खर्च ठरवला होता १ कोटीच्या आसपास, गेला ३ कोटींच्या आसपास. नुसता पनवेलजवळच्या रेल्वेमार्गावरचा ट्रेनचा सीन करायला कित्येक आठवडे लागले. १५ ऑगस्ट १९७५ ला सिनेमा लागला, आणि सुरुवातीचे दिवस थंड गेले. धंद्यातले लोक ‘आपटला’ म्हणू लागले. जयला जिवंत ठेवून शेवट बदलायचा का, इथपर्यंत चर्चा झाली. शेवटी थोडं थांबायचं ठरलं.

याच काळातला एक किस्सा प्रसिद्ध आहे. मुंबईतल्या एका टॉकीजच्या मालकानं सिप्पींना सांगितलं, काळजी करू नका, सिनेमा चालणार. काहून? तर इंटरव्हलला त्याच्या कँटीनची थंड पेयं आणि आईस्क्रीम कमी खपत होती. लोक इतके भारावलेले की खुर्चीतून उठतच नव्हते! पुढे ग्रँट रोडच्या मिनर्व्हात सिनेमा ५ वर्षं चालला.

बघा, गल्ला कमी झाला एवढंच त्या मालकानं पाहिलं नाही. तो का कमी झाला, हे पाहिलं.

३. मग आपणही थांबायचं का?

इथे भाऊ, घाई करू नका. थंड सुरुवात झालेले कितीतरी सिनेमे थंडच गेले, त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. दुकानाचंही तसंच. थांबायचं ते दोन गोष्टी हातात असतील तरच.

पहिली, खूण. नवं गिऱ्हाईक परत येतंय का? ‘अमक्यानं पाठवलं’ म्हणून कोणी येतंय का? रोज वहीत दोनच रकाने करा: परत आलेले आणि ओळखीनं आलेले. विक्री कमी असली तरी हे आकडे वाढत असतील, तर थांबण्यात अर्थ आहे. महिनोन्महिने ते शून्यावरच असतील, तर माल, भाव किंवा जागा बदला.

दुसरी, दम. समजा भाडं ८,०००, वीज १,५००, मुलाचा पगार ९,००० आणि कर्जाचा हप्ता ६,५००. महिन्याला झाले २५,०००. सहा महिने तग धरायचा तर १,५०,००० बाजूला हवेत, मालाचे पैसे सोडून. आणि मार्जिन २० टक्के असेल, तर नुसता खर्च निघायला महिन्याला १,२५,००० ची विक्री लागते. २६ दिवस धरले तर रोज साधारण ४,८००. हा आकडा काउंटरमागे चिकटवून ठेवा. आईचे दागिने गहाण ठेवून दुकान टाकलं असेल, तर हा हिशोब शटर उघडायच्या आधीच करा.

४. गिऱ्हाईक काय घेऊन घरी जातं?

‘शोले’च्या गाण्यांच्या रेकॉर्ड्स सुरुवातीला अपेक्षेइतक्या खपल्या नाहीत. मग पॉलिडोर कंपनीच्या लक्षात आलं, की लोकांच्या तोंडी गाण्यांपेक्षा संवाद आहेत. त्यांनी संवादांची रेकॉर्ड काढली, अन् ती तुफान चालली. आपण विकायला ठेवतो एक, गिऱ्हाइकाला आवडतं दुसरंच. मुख्य माल साड्यांचा असेल आणि बायका फॉल-पिकोसाठी परत येत असतील, तर तिकडे लक्ष द्या.

होमवर्क: सिनेमा बघताना बसंतीचा टांगा नीट बघा. गिऱ्हाईक गाडीतून उतरल्यापासून ती त्याला कशी गाठते, काय-काय बोलते? त्यातलं तुमच्या काउंटरवर चालेल असं एक लिहा आणि न चालणारं एक. सोमवारी दुकान उघडल्यावर पहिलं वापरून पाहा.