अमळनेरची काचनळी

अमळनेर म्हटलं की कुणाला साने गुरुजी आठवतात, कुणाला तत्त्वज्ञान मंदिर, तर कुणाला १९४५ साली तिथे तेलाच्या धंद्यातून सुरू झालेली विप्रो. त्याच साली उभ्या राहिलेल्या प्रताप महाविद्यालयाचा भौतिकशास्त्र विभाग मात्र स्फटिक वाढवतो, हे गावातही फारसं कुणाला माहीत नसेल. इथे आगरच्या जेलमध्ये वाढवलेल्या बेरियम ऑक्झॅलेटच्या स्फटिकांवरचा शोधनिबंध २००६ साली ‘बुलेटिन ऑफ मटेरिअल्स सायन्स’मध्ये छापून आला.

या कामाला भट्टी लागत नाही. बेरियम क्लोराइड आणि ऑक्झॅलिक आम्ल पाण्यात एकत्र केलं तर लगेच पांढरा साका तळाशी बसतो. त्यात स्फटिक कुठला! म्हणून दोघांच्या मध्ये जेल घालायचं. आगर म्हणजे मिठाईवाल्याचं चायना ग्रासच. ते पाण्यात उकळून त्यात एक द्रावण मिसळायचं, काचनळीत ओतायचं आणि घट्ट झालं की दुसरं द्रावण नळीच्या कडेने हळूच वर सोडायचं. जेलच्या सूक्ष्म वाटांतून ते खाली झिरपत जातं. दोन्ही द्रावणांची गाठभेट इतकी सावकाश होते की कणांना रांगेत बसायला सवड मिळते. काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत, जेलमध्ये स्फटिक चमकू लागतात. कधी स्फटिकांऐवजी नळीभर कडीच कडी दिसतात. ती शास्त्रज्ञ लीसगांग यांनी १८९६ साली नोंदवली होती.

आगर साधारण ३२ ते ४० अंशांच्या दरम्यान गोठतं. जळगावात मे महिन्यात पारा ४४च्या पुढे जातो, तेव्हा पंख्याखालच्या खोलीत ते गोठायलाच तयार होणार नाही. इथला माणूस अशा कामाला हिवाळाच धरणार.

प्रकाशाचा रंग बदलण्यासाठी स्फटिक हवा असेल तर परीक्षा वेगळी. स्फटिकाच्या भुकटीवर १०६४ नॅनोमीटरचा अदृश्य लेझर सोडायचा. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश बाहेर आला तर स्फटिक कामाचा. कुर्ट्झ आणि पेरी या शास्त्रज्ञांची ही १९६८ची पद्धत आजही चालते.

हल्ली स्फटिकांच्या जोडीला चुंबकीय नॅनोकणही आले आहेत. कोबाल्ट आणि लोखंडाचे नायट्रेट सायट्रिक आम्लाच्या द्रावणात विरघळवून तापवले की आधी दाट जेल होतं, मग ते आपोआप पेट घेतं आणि मागे काळी, फुगीर राख उरते. ती राख भाजली की फेराइट तयार. कण पुरेसे बारीक झाले की बाहेरचं चुंबक काढताच त्यांचं चुंबकत्वही विरतं. 

वाढवणं स्वस्त, तपासणं महाग. क्ष-किरण विवर्तन, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, चुंबकत्व मोजणारं व्हीएसएम ही कोट्यवधींची यंत्रं. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावात विद्यापीठ झालं, आज त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे आणि धुळे, नंदुरबारही त्याच्याच कक्षेत येतात. तरी काही नमुन्यांना पवईच्या आयआयटीचा रस्ता धरावाच लागतो. माझ्या मते खान्देशाला नव्या इमारतींपेक्षा अशी दोन यंत्रं आणि ती चालवणारे तंत्रज्ञ जास्त हवेत.

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांनी जेलमध्ये स्फटिक वाढवण्याचा प्रयोग करून पाहावा. सुरुवात कॅल्शियम टार्ट्रेटने करा. बेरियमचे क्षार विषारी असतात, शिक्षक जवळ असल्याशिवाय त्यांना हात लावू नका.