दार अडते कुठे?

घरातील कोणती वस्तू दिवसभरात सर्वांत जास्त वेळा हलते, असे विचारले तर कोणी पंखा म्हणेल, कोणी नळ म्हणेल. दाराचे नाव सहसा कोणाला सुचत नाही. घरात पाच-सहा माणसे असतील आणि मुख्य दार दिवसातून चाळीस वेळा उघडत-मिटत असेल, तर वर्षाला ही संख्या साडेचौदा हजारांच्या पुढे जाते. हे सारे श्रम दोन-तीन बिजागऱ्या, एक मूठ आणि एक कुलूप करत असतात. दार कुरकुरू लागेपर्यंत किंवा किल्ली अडकेपर्यंत त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. आणि पाहिले, तरी बहुतेक वेळा दोष भलत्याच भागाला दिला जातो.

या भागांची नावे तुम्हांला परकी वाटणार नाहीत. ‘दरवाजा’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. ‘कुलूप’ म्हणजे अरबीतील ‘कुफ्ल’. उर्दूतही तुम्ही तो वाचला असेल. तुम्ही ज्याला चाबी म्हणता तिला मराठीत किल्ली म्हणतात, तसेच चावीही म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. एका दारापाशी एवढ्या भाषा एकत्र येतात, ही मोठी गंमत आहे.

आपल्या जुन्या घरांच्या दारांना कडी-कोयंडा असतो. त्याची रचना डोळ्यांना सरळ दिसते, म्हणून बिघाडही लगेच कळतो. पण आता अनेक शहरांत दुहेरी काचेच्या खिडक्या आणि दारे दिसू लागली आहेत. त्यांचा प्रसार प्रथम थंड देशांत झाला. ब्रिटनमध्ये तर आज बहुसंख्य घरांना अशाच खिडक्या आहेत. एका तावदानाऐवजी दोन तावदाने, मध्ये दीड-दोन सेंटिमीटरची बंद पोकळी आणि त्या पोकळीत कोरडी हवा किंवा आरगॉन वायू. अशा पोकळीतून उष्णता सहज आरपार जात नाही, त्यामुळे घरातील ऊब घरातच राहते. आपल्याकडे मुंबई-पुण्यात अशा खिडक्या बसवतात त्या उबेसाठी नव्हे. बाहेरचा गोंगाट आत येऊ नये आणि वातानुकूलित खोलीतला गारवा बाहेर जाऊ नये, यासाठी बसवतात.

या सोयीची किंमत वजनात मोजावी लागते. चार मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर काचेचे वजन १० किलो भरते. तावदाने दोन, म्हणून ते २० किलो होते. दाराच्या पल्ल्यात दीड चौरस मीटर काच असली, तर नुसत्या काचेचेच ३० किलो झाले. म्हणजे एका शाळकरी मुलाएवढे वजन दारावर कायमचे बसलेले आहे! हा सगळा भार पल्ल्याच्या एकाच कडेला, बिजागऱ्यांवर लोंबकळत असतो. साहजिकच काही वर्षांत पल्ला कुलपाच्या बाजूला किंचित खाली झुकतो. दोन-तीन मिलिमीटरच! डोळ्यांना ते दिसतही नाही. पण कुलपाला ते बरोबर कळते.

ते कसे, हे समजण्यासाठी कुलपाची रचना पाहिली पाहिजे. दुहेरी काचेच्या दाराला बहुधा एकाच जागी कुलूप नसते. दाराच्या कडेला वरपासून खालपर्यंत धातूची लांब पट्टी बसवलेली असते. मूठ वर उचलली की पट्टीतील आकडे आणि रूळ हलतात आणि समोरच्या चौकटीवरच्या खाचांत जाऊन बसतात. त्यानंतर किल्ली फिरवली की सगळे जागच्या जागी पक्के होते. मुठीची हालचाल पट्टीपर्यंत पोहोचवणारी एक छोटी पेटी मधोमध असते. कारागीर तिला गिअरबॉक्स म्हणतात. पल्ला झुकला की आकडे खाचेच्या समोर येत नाहीत, खाचेच्या कडेवर आदळतात. मग मूठ जड लागते. घरातला माणूस जोर लावतो. दुसऱ्या दिवशी आणखी जोर लावतो. एके दिवशी पेटीतला दाता तुटतो आणि दार बंद अवस्थेतच अडकून बसते. कुलूप खराब निघाले, असे म्हणून सगळे मोकळे होतात. वास्तविक कुलूप शेवटपर्यंत दुसऱ्याच्या चुकीचा भार सोसत होते.

म्हणून मूठ किंवा किल्ली जड लागू लागली, की एक सोपी परीक्षा आधी करावी. तिला कोणतेही हत्यार लागत नाही. दार पूर्ण उघडावे आणि उघड्या दारातच मूठ वर-खाली करून किल्ली फिरवून पाहावी. उघड्या दारात सगळे अलगद फिरते आणि मिटल्यावरच अडते, असे दिसले तर कुलूप निर्दोष आहे. पल्ला झुकला आहे किंवा चौकटीवरची खाच सरकली आहे. उघड्या दारातही अडत असेल, तरच दोष कुलपात, पेटीत किंवा किल्लीत शोधावा. हीच परीक्षा लाकडी दारालाही लागू पडते. कडी कोयंड्यात जात नाही म्हणून आपण कडीवर हातोडी मारतो. खरे तर वरच्या बिजागरीचा एखादा स्क्रू सैल झालेला असतो.

झुकलेला पल्ला पूर्ववत करण्याचे मार्ग दोन. पहिला बिजागरीचा. या दारांच्या अनेक बिजागऱ्यांवर एक टोपण असते. ते काढले की आत षटकोनी खाचेचे स्क्रू दिसतात. त्यांतला एक फिरवला की पल्ला डावी-उजवीकडे सरकतो, दुसरा फिरवला की वर-खाली होतो. स्क्रू एकदम फिरवायचा नाही. अर्धा फेरा द्यायचा, दार मिटून पाहायचे, मग पुढचा अर्धा. सर्व बिजागऱ्यांना सारखेच फेरे द्यायचे, नाहीतर सगळा भार एकीवरच येतो.

दुसरा मार्ग काचेचा आहे आणि मला तो फार आवडतो, कारण त्यात सुताराचे जुने शहाणपण आहे. खेड्यातल्या फळ्यांच्या दाराची मागची बाजू तुम्ही पाहिली असेल. दोन आडव्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये एक तिरकी पट्टी असते. ही तिरकी पट्टी बिजागरीच्या बाजूला खाली सुरू होते आणि कडीच्या बाजूला वर संपते. दाराचा बाहेरचा कोपरा खाली येऊ लागला की त्याचा भार या पट्टीतून खालच्या बिजागरीकडे जातो. पट्टी उलटी मारली तर दार झुकतेच. दुहेरी काचेच्या पल्ल्यात हे काम खुद्द काच करते. काचेच्या कडेला, बिजागरीच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात आणि कुलपाच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या लहान पाचरी बसवतात. काच त्या दोन पाचरींमध्ये कर्णासारखी ताठ उभी राहते आणि पल्ल्याला झुकू देत नाही. या पाचरी सरकल्या किंवा बसवणाऱ्याने बसवल्याच नाहीत, तर बिजागरी कितीही पिळा, दार पुन्हा खाली येणार. मात्र हे काम जाणत्या माणसाचेच आहे. त्यासाठी काच धरून ठेवणाऱ्या पट्ट्या काढाव्या लागतात, आणि ३० किलोची काच हातातून निसटली तर काय होईल ते सांगायला नको.

खिडक्यांचे दुखणे थोडे निराळे. त्यांना दारासारखी बिजागरी नसते. पल्ला आणि चौकट यांच्या मधल्या खोबणीत स्टीलचे सरकते हात असतात. त्यांतला एक छोटा तुकडा पट्टीवर घासत सरकतो. त्या घर्षणामुळेच उघडी खिडकी वाऱ्याने आपटत नाही. खिडकी आपोआप मिटू लागली तर त्या तुकड्यावरचा लहान स्क्रू किंचित आवळावा. पट्टीत धूळ, वाळू साचली असेल तर ब्रशने साफ करावी. तेल द्यायचे तर सांध्यांना एक-एक थेंब पुरे. सरकत्या तुकड्यावर तेल ओतले की घर्षण संपते आणि खिडकी वाऱ्याबरोबर खेळू लागते.

मूठ सैल झाली म्हणून लोक अख्खी खिडकी बदलायला निघतात, हेही पाहण्यात येते. बहुतेक मुठींच्या बुडाशी एक झाकण असते. ते बाजूला केले की दोन स्क्रू दिसतात. ते आवळले की निम्म्या तक्रारी मिटतात. मूठ तुटलीच असेल तर ती काढून तिच्यामागचा चौकोनी दांडा मोजावा. तो बहुधा ७ मिलिमीटर जाडीचा असतो; लांबी मात्र निरनिराळी असते. दाराची मूठ आपोआप खाली लोंबू लागली, तर तिच्यातली स्प्रिंग थकली आहे असे समजावे. अशी मूठ तशीच वापरली की पुढे पेटीतील स्प्रिंगवर ताण येतो.

आता किल्ली फिरते तो भाग, म्हणजे सिलिंडर. त्याच्या आत ओळीने बारीक खिळे असतात. प्रत्येक खिळा दोन तुकड्यांचा असून वरून स्प्रिंग त्याला दाबत असते. किल्लीवरचे उंच-सखल दाते प्रत्येक खिळ्याला नेमके तेवढेच वर उचलतात. सर्व खिळ्यांचे जोड एका रेषेत आले की आतली नळी फिरते. एकही खिळा कमी-जास्त उचलला गेला, तर कुलूप हलत नाही. लाकडी खिळ्यांची अशी कुलपे प्राचीन इजिप्तमध्येही होती. अमेरिकेच्या लायनस येल याने १८६०च्या दशकात त्यांना आजचे छोटे रूप दिले. आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपांचा कारखाना काढला, आणि अलीगढचे नाव तर कुलपांशी जोडलेलेच आहे.

किल्ली अडकू लागली तर आधी घरातली जपून ठेवलेली दुसरी किल्ली लावून पाहावी. ती नीट चालली तर कुलूप चांगले आहे, रोजची किल्ली झिजली आहे. नवी किल्ली करून घेताना झिजलेल्या किल्लीवरून करू नये, मूळ किल्लीवरून करावी. नाहीतर झीजही नव्या किल्लीत उतरते. दोन्ही किल्ल्या अडत असतील तर ग्राफाइटची कोरडी भुकटी किंचित फुंकावी. स्वयंपाकघरातले खोबरेल किंवा गोडे तेल कुलपात कधीही घालू नये. ते धूळ धरून ठेवते, काही दिवसांनी चिकट होते आणि बारीक खिळे जागीच रुतून बसतात. दाराच्या पट्टीला आणि बिजागऱ्यांना मात्र वर्षातून एक-दोनदा पातळ मशीन तेल अवश्य द्यावे. समुद्रकाठच्या गावांत खाऱ्या हवेमुळे स्क्रू लवकर गंजतात. तेथे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरणे बरे.

दाराचे मोजमाप ऋतूप्रमाणे बदलते, हेही ध्यानात ठेवावे. लाकूड पावसाळ्यात ओलावा पिऊन रुंदीने फुगते. जुलैमध्ये दार अडते म्हणून रंधा मारला, तर थंडीत तेथे फट पडते. या नव्या खिडक्यांची चौकट पुष्कळदा यूपीव्हीसी या प्लॅस्टिकची असते. तिला ओलाव्याची भीती नाही, पण ती उन्हाने वाढते. दोन मीटर लांबीची पट्टी २० अंशांनी तापली तर मोकळी असताना अडीच-तीन मिलिमीटर वाढते. म्हणून दुपारी अडणारे आणि सकाळी नीट चालणारे दार लगेच दुरुस्त करायला घेऊ नये. दोन-चार दिवस वेळ पाहून नोंद करावी.

दोन तावदानांच्या आत धुके किंवा पाण्याचे थेंब दिसू लागले, तर मात्र कुलूप-बिजागरीचा काही संबंध नाही. काचेच्या कडेचा बंद जोड फुटला आहे. तेथे चौकट तशीच ठेवून फक्त काचेची जोडी बदलता येते.

या सगळ्या दुरुस्त्यांत एक गोष्ट पैशांपेक्षा महत्त्वाची आहे. आग लागली तर माणूस खिडकीतून बाहेर पडू शकला पाहिजे. ब्रिटनमध्ये अशा सुटकेच्या खिडकीची मोकळी जागा किमान ०.३३ चौरस मीटर असावी आणि तिची रुंदी किंवा उंची ४५० मिलिमीटरपेक्षा कमी नसावी, असे मार्गदर्शन आहे. तेवढी जागा मिळावी म्हणून तिला खास रुंद उघडणारे सरकते हात लावतात. ते बिघडल्यावर कोणी साधे, स्वस्त हात बसवले तर खिडकी उघडते, मिटते, सुंदर दिसते. पण माणूस तिच्यातून निघू शकत नाही. आणि कुलपाची मूठ असलेल्या खिडकीची किल्ली कपाटात ठेवलेली असेल, तर धुरात ती कोण शोधणार? ती खिडकीजवळच, पण लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशा खिळ्याला टांगावी. खिडकीतून मूल पडू नये म्हणून ती १० सेंटिमीटरपेक्षा जास्त उघडू न देणारी अटक मिळते. तीही मोठ्या माणसाला झटकन सोडवता येईल अशीच घ्यावी.

दुकानात सुटा भाग आणायला जाताना जुना भाग बरोबर न्यावा. तो नेता येत नसेल तर मापे लिहून न्यावीत: खिडकीच्या हाताची लांबी आणि मिटलेल्या स्थितीतील जाडी; दाराच्या मुठीच्या दांड्यापासून किल्लीच्या छिद्रापर्यंतचे अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, जे अनेक दारांत ९२ मिलिमीटर असते; आणि सिलिंडरची लांबी. सिलिंडर दाराच्या कडेवरच्या एका लांब स्क्रूने धरलेला असतो. त्या स्क्रूच्या मध्यापासून आतल्या टोकापर्यंतची आणि बाहेरच्या टोकापर्यंतची अशी दोन मापे घ्यावीत, कारण ती सारखी असतातच असे नाही. नवा सिलिंडर बाहेरच्या बाजूला मुठीच्या पट्टीपुढे तीन मिलिमीटरपेक्षा जास्त आला, तर तो चोराच्या पकडीत सापडतो. दुकानदाराने मोठा दिला, तर तो परत करून योग्य मापाचा घ्यावा.