पुठ्ठा कोण धरतं?
पाचवीत असताना बाईंनी पाण्याने काठोकाठ भरलेल्या पेल्यावर पुठ्ठा ठेवला आणि पेला उलटा केला. पाणी सांडलं नाही. मी 'का?' विचारलं. 'हवेचा दाब. पाठ कर, परीक्षेला येईल.' पुन्हा काही विचारायचा धीर झाला नाही.

पुण्यातच, आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी घडवली. ती पाहून आल्यावर लेकीने ओट्यापाशी तोच पेला उलटा केला.

"आई, पुठ्ठा कोण धरतं?"

"हवा. चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलोचा रेटा, खालूनसुद्धा! पाणी तर जेमतेम पाव किलो."

इतक्यात कडेतून हवा शिरली, पुठ्ठा निसटला, ओटा भिजला. लेक घाबरून माझ्याकडे पाहू लागली.

मी पेला पुन्हा भरून तिच्या हाती दिला.