ईमेल पत्त्याची पडताळणी (रेग्युलर एक्स्प्रेशन)

ईमेल पत्त्याची पडताळणी म्हणजे संकेतस्थळावरील अर्जात भरलेला ईमेल पत्ता रूपाने योग्य आहे की नाही, हे तो स्वीकारण्यापूर्वी तपासण्याची प्रक्रिया होय. या कामासाठी बहुधा रेग्युलर एक्स्प्रेशन, संक्षेपाने रेजेक्स, वापरले जाते. रेजेक्स हे अक्षरक्रमाचे वर्णन करणारे सूत्र असते. अमेरिकन गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांनी १९५०च्या दशकात या संकल्पनेचा पाया घातला आणि केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये मजकूर शोधण्यासाठी तिची संगणकीय पद्धत प्रसिद्ध केली.

रेजेक्स केवळ रूप तपासते. वाक्य व्याकरणशुद्ध असले म्हणजे ते खरे असतेच असे नाही. तसेच सूत्रात बसणारा पत्ता अस्तित्वात असेलच, किंवा तो अर्ज भरणाऱ्याचाच असेल, असे नाही.

पत्त्याची रचना

रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये संगणकाच्या जाळ्यावरून संदेश पाठवताना व्यक्तीचे नाव आणि संगणकाचे नाव यांच्यामध्ये @ हे चिन्ह योजले. आजही पत्त्याचे तेच दोन भाग आहेत. चिन्हापूर्वीचा भाग हा स्थानिक भाग, तर नंतरचा भाग म्हणजे डोमेन. स्थानिक भागाची मर्यादा ६४ बाइट असून संपूर्ण पत्ता व्यवहारात २५४ बाइटांपर्यंत असू शकतो. रचनेचे सविस्तर नियम २००८ च्या आरएफसी ५३२२ या दस्तऐवजात आहेत. त्यांनुसार स्थानिक भागात अधिकचे चिन्ह, अपॉस्ट्रॉफी, इतकेच नव्हे तर अवतरणचिन्हांत घातलेली रिकामी जागाही चालते. पत्त्यात कंसातील टिप्पणी आणि त्या कंसात पुन्हा कंस अशीही मुभा आहे. एकात एक कितीही कंस असू शकतील अशी रचना मूळ गणिती अर्थाच्या रेजेक्सच्या आवाक्याबाहेर असते. टिप्पण्या वगळूनही जुन्या आरएफसी ८२२ चे नियम एका सूत्रात बसवण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा ते सूत्र सहा हजारांहून अधिक अक्षरांचे झाले. ते वाचून समजून घेणे हे शिक्षाच ठरावे.

एक साधे सूत्र

^[^@ ]+@[^@ ]+\.[^@ ]+$

यातील पहिले ^ आरंभ दाखवते आणि शेवटचे $ अंत. चौकोनी कंसातील ^ चा अर्थ मात्र निराळा, म्हणजे 'यांखेरीज' असा आहे. नवशिक्या विद्यार्थ्याचा येथे हमखास गोंधळ होतो. [^@ ]+ म्हणजे @ आणि रिकामी जागा यांखेरीज एक किंवा अधिक अक्षरे. नुसता टिंब 'कोणतेही अक्षर' या अर्थाचा असल्यामुळे खरा टिंब दाखवण्यासाठी त्याआधी तिरकी रेघ द्यावी लागते. हे सूत्र अवतरणचिन्हांतील दुर्मीळ पत्ते नाकारते, आणि काही चुकीचे पत्तेही त्यातून सुटतात. तरीही @ विसरणे किंवा पत्त्याऐवजी नाव लिहिणे अशा नेहमीच्या चुका ते पकडते. बहुतेक अर्जांसाठी एवढे पुरेसे आहे. एचटीएमएलच्या मानकानेही ईमेलच्या रकान्यासाठी स्वतःचे सुटसुटीत सूत्र दिले असून ते आरएफसी ५३२२ चे हेतुपुरस्सर उल्लंघन करते, असे तेथेच नमूद केले आहे.

अतिकडक सूत्रे

शेवटच्या टिंबानंतर दोन ते चारच अक्षरे असावीत, अशी अट अनेक जुन्या सूत्रांत आढळते. सहा अक्षरी 'म्युझियम' हे डोमेन २००१ मध्येच वापरात आल्यामुळे ही अट तेव्हापासूनच चुकीची आहे. ढिल्या सूत्रामुळे फार तर एक निरुपयोगी पत्ता नोंदला जातो. कडक सूत्रामुळे मात्र खरा पत्ता असलेल्या माणसाचा अर्जच अडतो. शिष्यवृत्तीच्या अंतिम दिवशी 'अवैध पत्ता' एवढेच पडद्यावर उमटले, तर विद्यार्थ्याने काय दुरुस्त करावे?

देवनागरी पत्ते

'.भारत' हे देवनागरी डोमेन २०१४ पासून उपलब्ध आहे, आणि रोमनेतर लिपीतील स्थानिक भागालाही २०१२ च्या आरएफसी ६५३१ने मान्यता दिली. येथे मराठी जाणणाऱ्याने सावध असावे. आपली वर्णमाला 'ज्ञ'ने संपते म्हणून कोणी [अ-ज्ञ] असे लिहिले, तर संगणक 'ज्ञ' हे एक अक्षर मानत नाही. त्याच्या लेखी ते ज, हलन्ताचे चिन्ह आणि ञ असे तीन घटक आहेत. त्यामुळे अ ते ज एवढाच पल्ला धरला जातो, आणि ञ सोडून झ पासूनची सारी व्यंजने बाहेर राहतात. [अ-ह] लिहिले तरी काना, वेलांटी, मात्रा निसटतात, कारण युनिकोडमध्ये त्यांची स्थाने ह च्या पुढे आहेत. 'मराठी' या शब्दातील 'मर' एवढेच जुळते. युनिकोडचा 'अक्षर' हा तयार वर्ग वापरल्यासही हीच अडचण येते; मात्रा त्यात 'चिन्ह' म्हणून वेगळ्या गणल्या जातात. वर दिलेले साधे सूत्र 'काय नसावे' एवढेच सांगत असल्याने नाव@उदाहरण.परीक्षा हा पत्ता ते विनातक्रार स्वीकारते.

सूत्राचा भार

काही सूत्रे संगणकाला वेठीस धरतात. (अ+)+@ हे सूत्र घेऊ. ३० वेळा 'अ' लिहून @ दिलेच नाही, तर मागे परतून शोध घेणारी प्रणाली त्या अक्षरांचे गट पाडण्याचे सर्व मार्ग तपासू लागते. एक अक्षर वाढले की मार्ग दुप्पट होतात. ३० अक्षरांना ते ५३ कोटींहून अधिक होतात. म्हणून एका + वर दुसरा + असे रचू नये. ईमेलशी संबंध नसलेल्या, रिकाम्या जागा छाटणाऱ्या एका रेजेक्समुळे २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो हे संकेतस्थळ ३४ मिनिटे बंद पडले होते. त्या ठिकाणी वाढ दुपटीची नव्हती, केवळ वर्गाच्या प्रमाणातली होती.

खातरजमा

पत्ता चालू आहे आणि अर्जदाराचाच आहे, हे ठरवण्यासाठी त्यावर एकदाच वापरता येणारा दुवा किंवा अंक पाठवतात. निकाल किंवा पासवर्ड बदलण्याचा दुवा परक्या व्यक्तीच्या हाती पडू नये, म्हणून ही पायरी टाळता येत नाही. ब्राउझरमधील तपासणी वापरकर्त्याच्या सोयीसाठी असते आणि ती सहज बंद करता येते. त्यामुळे तीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा करावी लागते.