टर्बो इंजिनाची श्वासनलिका

मालमोटारीचे इंजिन डिझेलवर चालते असे आपण म्हणतो. परंतु वजनाने पाहू गेल्यास ते डिझेलपेक्षा हवाच कितीतरी अधिक खाते. एक लिटर डिझेल पूर्णपणे जळावयाचे तर त्याला सुमारे १०,००० लिटर हवा लागते. हवा अपुरी पडली की न जळलेले तेल काजळी होऊन बाहेर पडते. मालकाचा पैसा जातो आणि वाटेवरच्या माणसाच्या वाट्याला धूर येतो. ही हवा इंजिनापर्यंत नेणारी नळी तयार मिळाली नाही, तर ती कारागिराकडून कशी घडवून घ्यावी, याचा आज थोडा विचार करू.

इंजिनात जादा हवा कोंबण्यासाठी बाहेर पडणाऱ्या धुराचीच शक्ती वापरावी, ही कल्पना स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांची. १९०५ साली त्यांनी तिचे पेटंट घेतले. तप्त धुराने एक चक्र फिरते आणि त्याच आसावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा ओढून दाबते. हाच टर्बो. मात्र सायकलच्या चाकात हवा भरताना पंप तापतो, तद्वत दाबलेली हवाही तापते. बाहेर ३० अंश सेल्सिअस तापमान असताना हवेचा दाब दुप्पट केला, तर टर्बोतून निघणारी हवा सुमारे १२५ अंशांची असते. आणि तापलेली हवा विरळ असते. म्हणून तिला रेडिएटरच्या पुढे बसविलेल्या इंटरकूलरमधून फिरवितात. तेथे ती ५५ अंशांपर्यंत निवली, तर तेवढ्याच जागेत पूर्वीपेक्षा सुमारे एक-पंचमांश अधिक हवा मावते.

मूळ नळी तडकली आणि तिचा सुटा भाग मिळेनासा झाला, किंवा जुन्या गाडीत दुसरे इंजिन बसविले, म्हणजे हा मार्ग नव्याने बांधावा लागतो. त्याचे दोन भाग आहेत आणि त्यांची कर्तव्ये परस्परविरुद्ध आहेत. एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतच्या नळीत हवा ओढली जाते. तेथे बारीकशी फट राहिली तरी बाहेरची धूळ आत जाते. टर्बोचे चक्र मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेत असते. त्याच्या पात्यांना ती धूळ कानशीसारखी झिजविते. टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या नळीत हवा दाबलेली असते. तेथे फट राहिली तर ती बाहेर निसटते. पहिल्या नळीने काही आत येऊ देऊ नये, दुसरीने काही बाहेर जाऊ देऊ नये.

आता नळीच्या जाडीचा प्रश्न. सहा लिटरचे इंजिन मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल, तर ६३ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीतून हवा ताशी सुमारे सव्वाशे किलोमीटर वेगाने धावते. त्याऐवजी हाताशी आहे म्हणून ५० मिलिमीटरची नळी वापरली, तर वाटेत वाया जाणारा दाब सुमारे तिप्पट होतो. अवास्तव मोठी नळीही सोयीची नाही. ती भरावयास वेळ लागतो आणि जागाही अडते. वळणांचेही तसेच. साध्या यंत्रावर वाकविलेली नळी वळणापाशी चेपते. म्हणून आत दांडा ठेवून वाकविलेले, गोलाई न मोडलेले बेंड घ्यावेत आणि त्यांची वळण-त्रिज्या नळीच्या व्यासाच्या निदान दीडपट असावी.

इंजिन आपल्या रबरी बैठकीवर डुलत असते, इंटरकूलर मात्र चौकटीला जखडलेला असतो. दोहोंना अखंड लोखंडी नळीने जोडले तर ती कोठेतरी तडकणारच. म्हणून मधे होजचे तुकडे हवेत. टर्बोकडच्या तापलेल्या बाजूला साधे रबर टिकत नाही, तेथे सिलिकॉनचा होज लागतो. दाबाचा जोरही लहान नव्हे. बाहेरच्या हवेपेक्षा एक किलो दर चौरस सेंटिमीटर जादा दाब असेल, तर ६३ मिलिमीटरच्या नळीच्या तोंडावर सुमारे ३१ किलो वजनाइतका रेटा पडतो. म्हणूनच नळीच्या टोकाला उंचवट्याची कडी काढून तिच्यामागे क्लॅम्प आवळावा. गोव्याहून बेळगावकडे चोर्ल्याचा घाट चढणाऱ्या भरल्या गाडीचा होज निसटला, तर तिचा जोर ऐन चढावर जातो आणि मागे काळा धूर तेवढा उरतो.

तुकडे जुळविताना बॅटरीच्या तारा सोडाव्यात आणि गाडीवर नुसते टाके मारावेत. पुरे वेल्डिंग नळी खाली काढूनच करावे. साध्या काडीच्या वेल्डिंगचा मळ आतल्या बाजूस चिकटतो आणि पुढे तापून, हादरून सुटतो. आर्गॉनचे वेल्डिंग महाग खरे, पण स्वच्छ. नळी हातोडीने हलके ठोकून, तारेच्या ब्रशने घासून, धुऊन पूर्णपणे सुकवावी आणि आतून पांढरे फडके ओढून पाहावे. ते स्वच्छ निघेपर्यंत काम पुरे झाले असे समजू नये. इंटरकूलरच्या पुढच्या नळीत राहिलेला लोखंडाचा कण अडविण्यास वाटेत एकही गाळणी नसते. तो थेट सिलिंडरमध्ये जातो.

शेवटी दोन्ही तोंडे बांधून बंद करावीत, हवा बेताने भरावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले की फट सापडली. हे करताना झाकणासमोर उभे राहू नये. मघाचा ३१ किलोंचा रेटा विसरू नये. आणखी एक. मूळ मापाची नळी बदलणे ही दुरुस्ती होय. परंतु दुसरे इंजिन बसविणे किंवा इंजिनाची शक्ती वाढविणे हा बदल आहे, आणि अशा फेरबदलांवर मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ चे निर्बंध आहेत. तेव्हा परिवहन कार्यालयात आधी चौकशी करावी.

नळीला बाहेरून चकचकीत रंग दिला की गिऱ्हाईक खूश होते. आतली बाजू तो कधी पाहत नाही. पण गाडीचे आयुष्य, आणि गाडीवर ज्याचे पोट आहे त्याची मिळकत, त्या न दिसणाऱ्या बाजूवरच अवलंबून असते. कारागिराला दाम देताना गाडीवाल्याने रंगाची चौकशी मागाहून करावी. आधी ते पांढरे फडके दाखविण्यास सांगावे.